चावी खिशात, गाडी जागेवर

२०१९ च्या वसंतात अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, क्लीव्हलंड शहराजवळच्या नॉर्थ ओल्मस्टेड नावाच्या उपनगरात एक चमत्कारिक साथ आली. काही मोजक्या गल्ल्यांमधल्या रहिवाशांच्या मोटारींच्या रिमोट चाव्या एकाएकी चालेनाशा झाल्या. गॅरेजचे दरवाजेही रिमोटला दाद देईनात. लोकांनी सेल बदलून पाहिले, मेकॅनिकला बोलावलं, पण उपयोग शून्य. विमानतळ आणि नासाचं एक संशोधन केंद्र जवळच असल्यामुळे अफवांना तोटा नव्हता. शेवटी हातात रेडिओ लहरी हुडकणारी यंत्रं घेऊन काही मंडळी घरोघर फिरली, तेव्हा उगम सापडला. एका हौशी रहिवाशाने घरच्या घरी एक उपकरण बनवलं होतं. तो तळघरात काम करत असताना वरच्या मजल्यावर कुणी आलं तर त्याला कळावं, एवढाच त्याचा उपयोग. हे उपकरण अखंड ३१५ मेगाहर्ट्झवर संदेश सोडत होतं आणि अमेरिकेतल्या बहुतेक रिमोट चाव्या नेमक्या त्याच कंप्रतेवर बोलतात. बिचाऱ्याला आपण गावाच्या चाव्या मुक्या केल्याचा पत्ताच नव्हता.

या सगळ्या प्रकरणात एकही गाडी बिघडलेली नव्हती आणि एकाही चावीत दोष नव्हता. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांचं हेच वेगळेपण आहे. ही गाडी जागची हलत नाही तेव्हा ती बऱ्याचदा बंद पडलेली नसते. तिची खात्री पटलेली नसते. खात्री कुठल्या पायरीवर अडली हे ओळखता आलं, तर निम्मे टोइंगचे फेरे वाचतात.

जुनी धातूची चावी एकाच वेळी दोन कामं करायची. दात जुळले की कुलूप उघडायचं आणि चावी फिरवली की स्टार्टरकडे वीज जायची, म्हणजे सेल्फ लागायचा. बटणवाल्या गाडीत ही कामं सुटी झाली आणि मधे बरीच मंडळी येऊन बसली. दाराच्या हँडलला हात लावला किंवा स्टार्टचं बटण दाबलं की दारांत, डिकीपाशी आणि केबिनमध्ये लपवलेल्या अँटेना एक मंद हाक देतात. ही हाक असते साधारण १२५ किलोहर्ट्झची. तिचं चुंबकीय क्षेत्र फार लांब पोचत नाही, मीटर-दोन मीटरमध्ये विरून जातं, आणि तेच हवं असतं. खिशातला फॉब, म्हणजे ती गुळगुळीत काळी चावी, दिवसभर या हाकेकडे कान लावून अर्धवट झोपेत असतो. ओळखीची हाक आली की तो जागा होतो आणि उत्तर देतो ते मात्र वरच्या पट्टीत, भारतात आणि युरोपात बहुधा ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास, अमेरिका-जपानात ३१५ च्या आसपास.

उत्तर ठरलेलं नसतं. गाडी दर वेळी एक नवा, यदृच्छ आकडा फेकते. फॉब आपल्याजवळच्या गुप्त किल्लीने त्या आकड्यावर प्रक्रिया करतो आणि निकाल परत पाठवतो. दोघांचं गणित जुळलं तर पुढची चौकशी: फॉब गाडीच्या आत आहे की बाहेर? कुठल्या अँटेनाची हाक त्याला किती जोरात ऐकू आली यावरून हे ठरतं. आत असेल तरच इंजिनाची परवानगी. त्यानंतर ब्रेक दाबला आहे का, गिअर योग्य जागी आहे का, स्टिअरिंगचं कुलूप सुटलं का हे पाहून मग स्टार्टरला हुकूम जातो. डोळ्याचं पातं लवेपर्यंत हे सगळं उरकतं, म्हणून आपल्याला तो एक साधा टिचकीभर व्यवहार वाटतो.

कल्पना तशी नवी नाही. शेव्हर्ले कॉर्व्हेटमध्ये १९९३ साली खिशातली चावी ओळखून दार उघडणारी यंत्रणा आली. मर्सिडीजने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एस-क्लासमध्ये चावी न काढता गाडी सुरू करण्याची सोय दिली. भारतात २०१० साली आलेल्या निसान मायक्राने ही चैन छोट्या गाडीत आणली आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत ती वरच्या मॉडेलची ठरलेली खूण झाली. गाडीच्या चावीला सेल लागतो हे मराठी मध्यमवर्गाला कळलं ते याच काळात.

त्या सेलपासूनच सुरुवात करावी, कारण बहुतेक तक्रारींचं मूळ तिथे असतं. बऱ्याच फॉबमध्ये सीआर २०३२ हा नाण्याएवढा लिथियम सेल असतो. आकड्यातच त्याचं माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. त्याचा चुलतभाऊ २०२५ अडीच मिलिमीटर जाडीचा. दिसायला दोघे जुळे, म्हणून कोपऱ्यावरचा दुकानदार बिनदिक्कत एकाच्या जागी दुसरा देतो. २०३२ च्या जागी २०२५ घातला की तो आत सैल बसतो आणि चावी कधी चालते, कधी नाही. अशा चावीचा माग काढणं हे पुरत्या मेलेल्या चावीपेक्षा जास्त त्रासाचं.

सेलच्या स्वभावातही एक फसगत आहे. नव्या सेलचा दाब ३ व्होल्टच्या किंचित वर असतो आणि लिथियमचा सेल तो दाब जवळजवळ शेवटपर्यंत टिकवून धरतो. त्यामुळे मल्टिमीटरवर २.९ व्होल्ट दिसतात, इलेक्ट्रिशियन 'सेल ओके' म्हणून परत देतो, आणि गाडी तरीही ओळख दाखवत नाही. म्हाताऱ्या सेलच्या आतला रोध वाढलेला असतो. नुसता बसलेला असताना तो ताठ दिसतो. रेडिओ संदेश पाठवायला क्षणभर जास्त प्रवाह लागला की त्याचा दाब कोसळतो. थंडीत हा रोध आणखी वाढतो. पुण्यात कुरकुर न करणारी चावी मनालीच्या हॉटेलबाहेर सकाळी सहाला हात टेकते, त्याचं कारण हे. म्हणून सेलची परीक्षा मल्टिमीटरवर घेण्यात अर्थ नाही. चाळीस-पन्नास रुपयांचा नवा सेल टाकून पाहणं हीच परीक्षा. साधारण एक ते तीन वर्षं तो टिकतो. लांबून दार उघडेनासं झालं, बटण दोनदा दाबावं लागलं की त्याचे दिवस भरले म्हणायचे.

बदलायचं काम घरचं आहे. फॉबच्या कडेला खाच असते, तिथे कापड गुंडाळलेला चपटा स्क्रू-ड्रायव्हर हलकेच फिरवला की कवच उघडतं. अधिकाची बाजू कुठल्या दिशेला होती हे पाहून ठेवायचं, जुना सेल काढताना खालच्या पत्र्याच्या जिभा वाकवायच्या नाहीत, आणि नवा बसवायचा. सेल काढला म्हणून चावीची 'ओळख' पुसली जाईल अशी भीती अनेकांना वाटते. ती ओळख अशा स्मृतीत असते जिला टिकायला वीज लागत नाही, त्यामुळे बहुतेक गाड्यांत पुन्हा प्रोग्रॅमिंगची गरज पडत नाही.

इथे एक विचित्र अडचण अलीकडच्या काळात उपटली आहे. लहान मुलांनी सेल गिळू नयेत म्हणून काही कंपन्या त्यांवर कडू लेप देतात. अॅपलने आपल्या एअरटॅगच्या सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की असा लेप असलेले २०३२ सेल, संपर्काची जागा नीट जुळली नाही तर, चालणार नाहीत. नवाकोरा सेल टाकूनही फॉब मुका राहिला तर सेलची कड स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पाहावी किंवा लेप नसलेला सेल आणावा. लेपाला नावं ठेवण्यात मात्र अर्थ नाही. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर ओलाव्यामुळे वीज वाहू लागते, तीव्र क्षार तयार होतो आणि दोन तासांत गंभीर भाजणं होऊ शकतं. अमेरिकेने २०२२ साली यासाठी स्वतंत्र कायदा केला. काढलेला जुना सेल डॅशबोर्डवर किंवा कपाटाच्या कडेवर विसरू नये; मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी तडक रुग्णालय गाठावं.

फॉबचा सेल अगदी मेलाच तर काय? बरेच लोक इथे हात टेकतात आणि टोइंगला फोन लावतात. खरं तर फॉबच्या पोटात एक धातूची छोटी चावी दडवलेली असते. बाजूची कळ दाबली की ती बाहेर येते. तिचं भोक सहसा फक्त चालकाच्या दारावर असतं, आणि काही गाड्यांत तर हँडलच्या टोकाला असलेल्या प्लास्टिकच्या टोपीखाली. असं दार उघडलं की काही गाड्या चोर आल्यासारखा भोंगा सुरू करतात. सोसायटीतले लोक गॅलरीत येतात, मालक गोरामोरा होतो. घाबरायचं कारण नाही. गाडीने ओळख पटवून घेतली की भोंगा आपोआप थांबतो.

ती ओळख पटवायची युक्ती अशी, की फॉब थेट स्टार्टच्या बटणाला टेकवायचा. ह्युंदाई-किआच्या अनेक गाड्यांत फॉबनेच बटण दाबायचं असतं. टोयोटात फॉबची चिन्हाची बाजू बटणाला लावायची, 'टिंग' झालं की मग बटण दाबायचं. बीएमडब्ल्यूच्या कित्येक मॉडेलांत स्टिअरिंगच्या दांड्यावर चावीची खूण कोरलेली असते, तिथे तो धरायचा. फोर्डच्या काही गाड्यांत मधल्या कप्प्याच्या तळाशी त्यासाठी खोबण आहे. आपल्या गाडीत ती जागा नेमकी कुठे, हे मालकाच्या पुस्तिकेत एका चित्रात दाखवलेलं असतं. ही पुस्तिका बहुतेकांच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीतून कधी बाहेर पडलेलीच नसते. ते एक पान मोबाइलवर फोटो काढून ठेवण्याच्या लायकीचं आहे.

सेल मेलेला असताना हे जमतं कसं? फॉबमध्ये आणखी एक भाग असतो, ज्याला स्वतःची वीज लागत नाही. बटणाभोवती किंवा त्या खुणेच्या जागी तारेचं वेटोळं असतं. ते जे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतं त्यातूनच ही चिप एका उत्तरापुरती वीज उचलते. ही इमोबिलायझर नावाची जुनी यंत्रणा. मोटारचोरीला आळा घालायला युरोपने १९९८ पासून नव्या गाड्यांत ती सक्तीची केली. साध्या चावीच्या काळ्या डोक्यातही हीच चिप असते. बाजारातून नवं कवच आणून चावी त्यात भरताना ही छोटीशी चिप जुन्या कवचातच राहून गेली, की दार उघडतं, सेल्फही फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही किंवा पेटून लगेच विझतं. मग लोक पेट्रोलपंपाच्या पेट्रोलला दोष देतात.

पण 'चावी सापडत नाही' असा संदेश डॅशबोर्डवर झळकला म्हणून चावीलाच गुन्हेगार ठरवू नये. गाडीत दुसरी बॅटरीही आहे, बोनेटखालची १२ व्होल्टची, आणि तीच उतरली असेल तर गाडीची हाकच क्षीण होते. बॅटरी विश्रांतीत असताना १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ च्या आसपास निम्मी, ११.८ म्हणजे जवळपास संपली. दाब फार घसरला की गाडीतले छोटे संगणक एकेक करून अर्धवट काम करू लागतात आणि भलतेसलते इशारे देतात. एक एअरबॅगची तक्रार करतो, दुसरा स्टिअरिंगची, तिसरा चावीची. असे पाच दिवे एकदम लागले तर पाच बिघाड शोधत बसण्याऐवजी आधी बॅटरी तपासावी. कानही बरंच सांगतात. बटण दाबल्यावर 'कट-कट-कट' असा भरभर आवाज आला तर बॅटरीत सेल्फ उचलायचा जोर नाही. एकच 'टक' येऊन शांत झालं आणि दिवे प्रखर असतील तर संशय स्टार्टरवर किंवा सैल, क्षार चढलेल्या टर्मिनलवर घ्यावा. काहीच नाही, दिवासुद्धा नाही, तर बॅटरी पुरती गेली किंवा तिची तार सुटली.

उभी गाडी बॅटरी खाते याचा धडा २५ मार्च २०२० नंतर अख्ख्या देशाने घेतला. टाळेबंदी उठल्यावर सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये ओळीने गाड्या मुक्या पडलेल्या होत्या. हिशेब सोपा आहे. कुलूप लावलेल्या गाडीचे अलार्म, घड्याळ, चावीची चाहूल घेणारी यंत्रणा मिळून ५० मिलिअँपिअर प्रवाह खात असतील तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी नवी आणि पूर्ण भरलेली धरली तरी महिन्याभरात ती रिकामी. सेल्फ मारायला शंभराच्या वर अँपिअर लागतात, तो जोर तर त्याच्या कितीतरी आधी संपतो. आपल्याकडच्या उन्हात बॅटरीचं आयुष्य तीन-चार वर्षांचं. चौथ्या वर्षातली बॅटरी आणि गणपतीच्या सुटीत दहा दिवस उभी गाडी हा बेत ठरवून केल्यासारखा बिघडतो.

जम्पर केबल जोडण्याचा क्रम पाठ असलेला बरा. लाल टोक मेलेल्या बॅटरीच्या अधिकाला, दुसरं लाल चांगल्या बॅटरीच्या अधिकाला, काळं चांगल्या बॅटरीच्या उण्याला आणि शेवटचं काळं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, म्हणून ती लांब घ्यायची. काढताना उलटा क्रम. धक्का स्टार्टचा जुना जुगाड मात्र इथे विसरावा. ऑटोमॅटिकमध्ये तो चालतच नाही आणि मॅन्युअलमध्येही, संगणक जागे राहण्याइतकी वीज उरलेली नसेल तर, चार जणांचा घाम फुकट जातो.

आपली तर इलेक्ट्रिक गाडी, असं म्हणून इथे कुणी निवांत होऊ नये. त्या गाड्यांतही एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते. खालची शेकडो व्होल्टची मोठी बॅटरी जोडणारे स्विच तिच्याच विजेवर चालतात. ती मेली की मोठी बॅटरी नव्वद टक्के भरलेली असूनही गाडी पुतळा होते. ह्युंदाईने २०२४ साली भारतात आयोनिक ५ च्या १,७४४ गाड्या परत तपासायला बोलावल्या त्या याच धाग्यामुळे. चार्जिंग सांभाळणाऱ्या भागातल्या दोषाने १२ व्होल्टची बॅटरी उतरण्याची शक्यता होती.

चावी सापडली, बॅटरी ठणठणीत, गाणी वाजतायत, पण इंजिन लागत नाही? आता पायाकडे पाहावं. ब्रेक दाबल्याशिवाय, मॅन्युअलमध्ये बहुधा क्लच दाबल्याशिवाय, बटण फक्त दिवे आणि संगीत चालू करतं. मॉलमधला नवखा व्हॅले यातच अडकतो. पण पाय दाबलेला असूनही गाडी ऐकत नसेल, तर ब्रेकच्या पेडलमागचा छोटा स्विच संशयित. त्याची परीक्षा वॉचमनलाही घेता येते. त्याला मागे उभं करावं आणि ब्रेक दाबावा. मागचे लाल दिवे लागले नाहीत तर गाडीच्या लेखी ब्रेक दाबलाच गेलेला नाही. हा स्विच फॉबच्या मानाने किरकोळ किमतीचा असतो. तो ओळखता न आल्याने आधी सेल, मग बॅटरी, मग नवी चावी असा खर्चाचा जिना चढणारे मालक मेकॅनिक मंडळींना चांगले माहीत असतात. बंद गाडीत ब्रेक तीन-चारदा दाबला की निर्वात संपून पेडल दगडासारखं होतं, तेव्हा तो नेहमीपेक्षा जास्त जोराने दाबावा लागतो. चाक फुटपाथला टेकवून गाडी लावली असेल तर स्टिअरिंगचं कुलूप ताणात अडकतं. स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलकं हलवत बटण दाबलं की ते सुटतं.

मोबाइलचा वायरलेस चार्जर हा नवा खोडकर. तो सुमारे १०० ते २०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतो आणि गाडीची हाक येते १२५ वर. फॉब त्या चार्जरवर किंवा त्याच्या शेजारच्या कप्प्यात पडला असेल तर शेजारच्या गोंगाटात त्याला हाक ऐकूच येत नाही. स्वस्तातले चार्जर, डॅशकॅम, बाहेरून लावलेले एलईडी दिवे हेही असाच गलका करतात. सगळ्या पिना उपसून फॉब वरच्या खिशात ठेवायचा आणि पुन्हा बटण दाबायचं. यात सुटणाऱ्या तक्रारी कमी नाहीत. पर्समध्ये फॉबला मोबाइल चिकटलेला असणं हेही त्याच जातीचं. यात एक धोका लपलेला आहे. चावी आत राहिली तर गाडी सहसा स्वतःला कुलूप लावू देत नाही, पण फॉबचा सेल मरणपंथाला असेल किंवा तो असा झाकला गेला असेल तर गाडीला तो आत आहे हे कळत नाही. मग चावी आत, मालक बाहेर.

बंगल्यात पोर्चला लागून असलेल्या भिंतीवर चाव्यांची खुंटी असते. गाडीच्या हाकेच्या टप्प्यात टांगलेला फॉब रात्रभर सारखा जागा होत राहतो, गाडीही त्याच्याशी बोलत राहते, आणि दोघांच्याही बॅटऱ्या झिजतात. टीव्हीजवळ, संगणकाजवळ ठेवलेल्या फॉबचंही असंच होतं, तसा इशारा टोयोटासारख्या कंपन्या पुस्तिकेत देतात. खुंटी दोन खोल्या आत नेली की प्रश्न मिटतो.

एक घोटाळा मात्र यंत्राचा नाही, माणसांचा आहे, आणि तो दादर स्टेशनपासून पुणे विमानतळापर्यंत रोज घडत असेल. नवरा गाडी चालवत स्टेशनवर आला, बॅग घेऊन उतरला, बायको चालकाच्या जागी बसली आणि निघाली. गाडीने दोन-चारदा 'टिंग टिंग' केलं, ते रिक्षांच्या हॉर्नमध्ये विरलं. घरी पोचून इंजिन बंद केलं. किंवा वाटेत भाजी घ्यायला थांबली. आता गाडी पुन्हा सुरू होणार नाही, कारण 'अहों'च्या खिशातली चावी एव्हाना कल्याणच्या पुढे आहे. चावी दूर गेली की इंजिन आपोआप बंद का पडत नाही, असा प्रश्न साहजिक आहे. तसं केलं असतं तर फॉबचा सेल कसारा घाटात संपला त्या क्षणी स्टिअरिंगची आणि ब्रेकची मदत गेली असती. म्हणून गाडी चालू राहते आणि फक्त कुरकुरते. त्या कुरकुरीकडे लक्ष देणं, एवढंच हातात आहे.

या सोयीने जीवही घेतले आहेत. २८ ऑगस्ट २००९ रोजी कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ शोरूमने तात्पुरती दिलेली एक लेक्सस गाडी पायाखालच्या मॅटमध्ये अॅक्सिलरेटर अडकल्याने बेफाम धावली आणि आतले चौघे ठार झाले. त्या गाडीत चालू इंजिन बंद करायला बटण तीन सेकंद दाबून धरावं लागत असे. अनोळखी गाडीत, त्या वेगात, हे कुणाला सुचणार? त्यानंतर २०११ साली मोटार अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेने अशा बटणांसाठी मानक काढलं. आपल्या गाडीत चालता चालता इंजिन बंद करायची पद्धत, काही सेकंद धरून ठेवणं की ओळीने दोन-तीनदा दाबणं, ही पुस्तिकेत आधीच पाहून ठेवावी. उलटा प्रकार बंद गॅरेजचा. चावी खिशात घेऊन घरात जाताना इंजिन चालूच राहिलं आणि कार्बन मोनॉक्साइड घरात शिरला, असे २००६ पासूनचे २८ मृत्यू न्यूयॉर्क टाइम्सने २०१८ साली मोजले होते. पुढच्या वर्षी टोयोटाने ठरावीक वेळाने इंजिन आपोआप बंद होण्याची सोय २०२० च्या मॉडेलांपासून देण्याचं जाहीर केलं. आपल्याकडची बहुतेक पार्किंगं उघडी असली, तरी शटर ओढून घेतलेली बंगल्याची गॅरेजंही आहेत आणि हायब्रिड गाडी इतकी शांत उभी असते की ती चालू आहे हे कळतच नाही.

चोरांनी गाडी आणि फॉबमधल्या संवादाचा जो फायदा घेतला त्यात गणिताला हातही लावलेला नाही. किल्ल्याच्या दरवाजावर रात्री पहारेकरी रोज नवी परवली विचारतो असं धरा. चोराला ती माहीत नाही. पण त्याचा एक साथीदार आत झोपलेल्या किल्लेदाराच्या उशाशी उभा आहे. पहारेकऱ्याचा प्रश्न तो जसाच्या तसा तिकडे पोचवतो आणि झोपेतलं उत्तर इकडे. दरवाजा उघडतो. एक जण घराच्या दारापाशी अँटेना घेऊन आतला फॉब 'ऐकतो', दुसरा गाडीपाशी तो आवाज मोठा करून सोडतो. झुरिकच्या संशोधकांनी २०११ साली आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर ही युक्ती करून पाहिली आणि दहाही उघडली. पुढे जर्मनीतली एडीएसी ही मोटारचालकांची संघटना वर्षानुवर्षं गाड्यांची हीच परीक्षा घेत आली आहे. भारतात पोलिसांनी पकडलेल्या टोळ्यांकडे मुख्यतः गाडीच्या तपासणी पोर्टला जोडून नवी चावी नोंदवणारी यंत्रं सापडतात, विशेषतः दिल्ली परिसरात आणि मोठ्या एसयूव्हींबाबत. २०२२ साली लंडनमध्ये मोटारसुरक्षेच्याच एका संशोधकाची टोयोटा आरएव्ही-४ गाडी चोरीला गेली, तीही पुढच्या दिव्याच्या तारांमधून गाडीच्या अंतर्गत जाळ्यात खोटे संदेश घुसवून.

उपाय म्हणून लहरी अडवणाऱ्या पिशव्या मिळतात. घरातला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबाही चालू शकतो, पण भरवशावर राहू नये. फॉब डब्यात घालून गाडीच्या दाराशी उभं राहायचं आणि हँडल ओढायचं. उघडलं तर डबा बिनकामाचा. खरा उपाय गाड्यांतच येतो आहे. प्रकाशाच्याच वेगाने जाणाऱ्या रेडिओ लहरी एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातात. नव्या यंत्रणा उत्तर यायला किती वेळ लागला हे इतक्या बारकाईने मोजतात, की मधल्या दलालामुळे झालेला उशीर लगेच पकडला जातो. जॅग्वार लँड रोव्हरची २०१८ ची काही मॉडेलं एडीएसीच्या परीक्षेत टिकली ती यामुळे.

मोबाइललाच चावी करण्याची सोयही आता आपल्याकडे आली आहे. ह्युंदाईने २०२४ च्या अल्काझारमध्ये ती दिली. फोनची बॅटरी संपली तर? आयफोनच्या काही मॉडेलांत फोन बंद पडल्यावरही सुमारे पाच तास चावीपुरता जीव शिल्लक राहतो. त्यानंतर पुन्हा तोच जुना फॉब.

आणि तो हरवला तर खर्च हजारांत जातो. नवा फॉब गाडीला यंत्राने शिकवावा लागतो, हरवलेल्याची नोंद पुसावी लागते, ओळखपत्र, आरसी आणि पोलिसांकडची तक्रार मागितली जाते. एकदा एका गाडीला बांधलेले कित्येक फॉब दुसरीला बांधता येत नाहीत, त्यामुळे ऑनलाइन स्वस्तात मिळणारी वापरलेली चावी बहुधा पेपरवेटच ठरते. चिप-टंचाईच्या काळात, ऑक्टोबर २०२२ मध्ये, टोयोटाने जपानमध्ये नव्या गाडीबरोबर दोनऐवजी एकच स्मार्ट चावी द्यायला सुरुवात केली होती, दुसरी साधी धातूची. दुसऱ्या चावीचं महत्त्व आपल्याकडे विम्यामुळे आणखी वाढतं. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सामान्यतः दोन्ही चाव्या मागते आणि एक नसेल तर दाव्यावर प्रश्न सुरू होतात. लॉकरमधला तो दुसरा फॉबही झोपेत ऐकतच असतो, त्याचाही सेल झिजतो. सहा महिन्यांतून एकदा तो बाहेर काढून त्यानेच दार उघडावं आणि गाडी सुरू करून पाहावी, पहिला फॉब तेवढा वेळ घरात ठेवून.